त्या गिटारचा आकार कोणाचा?

आजच्या या निरोपसमारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वेणामाई तंत्रशिक्षण केंद्राचे सचिव माननीय धनंजयराव; प्राचार्या सरिता मॅडम; आजचे सत्कारमूर्ती, सुतारकामाचे निदेशक प्रेमदास ताकसांडे सर आणि त्यांच्या सहचारिणी कोकिळाताई; मुंबईहून मुद्दाम आलेले आपले माजी प्रशिक्षणार्थी, नामवंत गिटारवादक रत्नदीप नगराळे; माझे सहकारी; वडनेर आणि आर्वीहून आलेली पाहुणेमंडळी; आणि सभागृहात जागा असूनही खिडक्यांत चढून बसलेली आमची मुलंमुली. आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी सुलोचना भोयर. वीजतंत्री विभागात चोवीस वर्षं शिकवते. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यांची आगाऊ माफी मागते, कारण मला पाच मिनिटांत जमणार नाही.

सरांच्या शिस्तीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल आधीच्या वक्त्यांनी बरंच सांगितलं. ते सगळं खरं आहे. रंधा चालवताना सर कुणाशी बोलत नाहीत, तेही खरं. पण या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मनात आज दुसराच प्रश्न आहे, हे मला ठाऊक आहे. चहाच्या वेळी मी तो तीनदा ऐकला. रत्नदीपच्या नावानं जी गिटार देशभर विकली जाते, जिच्या वरच्या अंगाला भाकरीचा घास तोडावा तसा एक खोल वळसा आहे, तो आकार काढला कोणी? कंपनी म्हणते, आमच्या रचना विभागानं, समुद्राच्या लाटेवरून. नागपूरचा एक वाद्यविक्रेता म्हणायचा, रेखाटन माझ्या दुकानात झालं. रत्नदीप कितीतरी वर्षं म्हणत होता, मीच काढला. आणि आपलं सगळं हिंगणघाट म्हणत होतं, ताकसांडे सरांनी काढला, या पोरानं त्यांचं नाव खाल्लं.

मी या गोष्टीची साक्षीदार आहे. नुसती साक्षीदार नाही, तिच्यातली एक गुन्हेगारही आहे. म्हणून हे माझ्याकडून ऐका.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नदीप माझ्या वर्गात वीजतंत्रीचं शिकायला वडनेरहून रोज यायचा. वय एकोणीस. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात पूर्ण बाहीचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं. मला वाटायचं, पोराला नीटनेटकं राहायची हौस आहे. एकदा खांबावर चढायच्या प्रात्यक्षिकात त्याचा उजवा हात नीट वाकेना. मी ओरडले, "हात वाकव ना! काऊन असा धरून राह्यला?" तो खाली उतरला आणि म्हणाला, "मॅडम, वाकतच नाई."

लहानपणी ट्रॉलीवरून पडला होता. कोपराचं हाड मोडलं, ते जसं बसलं तसंच राहिलं. हात पुरता सरळही होत नव्हता आणि पुरता वाकतही नव्हता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि हाच मुलगा भीमगीतं गाणाऱ्या पार्टीत गिटार वाजवायचा! कसा वाजवायचा? गिटार पोटापासून दूर, तिरपी धरून. तिची वरची कड त्याच्या हाताला नेमकी कोपराखाली रुतायची. जयंतीच्या दिवसांत एका पाठोपाठ एक कार्यक्रम असायचे, तेव्हा त्या जागी काळानिळा पट्टा उमटायचा. बाही होती ती हा पट्टा झाकायला.

मी त्याला ताकसांडे सरांकडे नेलं. का नेलं? सुतारकामाच्या शेडमध्ये नेलेली कुठलीही अडचण सर आधी हातात घेऊन बघतात आणि मग बोलतात, हे मला माहीत होतं म्हणून. सरांनी गिटार बघितली. मग रत्नदीपला म्हणाले, "बाही वर कर." तो करेना. सरांनी परत सांगितलं नाही. आपल्या डाव्या हाताचा अंगठा त्याच्यासमोर धरला. सरांच्या त्या अंगठ्याचं वरचं पेर नाही, करवतीत गेलेलं आहे, हे आपण सगळे जाणतो. म्हणाले, "हे माहं. आता तुहं दाखव."

रत्नदीपनं बाही वर केली. माझ्या माहितीत तरी ती पहिली वेळ.

पुढचे दोन महिने दुपारच्या सुट्टीत काय चाललं, ते मी बघितलंय. सरांनी प्लायवूडचा एक तुकडा गिटारच्या मापाचा कापला. रत्नदीपला बाकावर बसवलं. त्याच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत खडूची पूड लावली आणि म्हणाले, "वाजव." पोरगा हसला. "सर, तारा कुठं हायेत?" "तारा डोक्यात धर अन् वाजव." मग तो त्या मुक्या लाकडावर हात फिरवायचा आणि जिथे जिथे हात घासायचा तिथे पांढरा डाग उमटायचा. सर तेवढंच लाकूड कानशीनं काढायचे. परत पूड, परत वाजव, परत कानस. प्लायवूडचे नऊ तुकडे वाया गेले. दहाव्यावर डाग पडला नाही. हात लाकडाला न लागता तारांच्या जागेपर्यंत गेला. तोच हा वळसा. ना लाट, ना चंद्रकोर. आणि तोवर रत्नदीपनं समुद्र बघितलाही नव्हता!

मग सागवानाच्या उरलेल्या फळीतून खरं अंग कापलं. पार्टीच्या तडकलेल्या गिटारची मान काढून त्याला जोडली. तारांचा आवाज पकडणारी, त्यांच्याखालची कॉइल मी गुंडाळली, पंख्याच्या मोटारीला वापरतो त्याहून बारीक तार मागवून. कॉइल माझी आहे, आणि याबाबत आजवर कोणीही वाद घातलेला नाही. (हसू नका, खूप घरघर करायची ती आधी. अर्थिंग दिल्यावर शांत झाली.)

पहिल्यांदा तारा छेडल्या तेव्हा शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. रत्नदीपनं एकच स्वर वाजवला आणि थांबला. सरांनी विचारलं, "दुखते का?" तो म्हणाला, "नाई सर." आणि मग मान खाली घालून बराच वेळ वाजवत राहिला. वर बघितलं तर डोळे दिसतील म्हणून. मी कॉइल तपासायचं निमित्त करून वाकले, तेही त्याच कारणासाठी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शिक्षण संपल्यावर रत्नदीप मुंबईला गेला. आधी वाद्यवृंदांत वाजवलं, मग ध्वनिमुद्रणात, मग स्वतःच्या नावानं मोठे कार्यक्रम. ती सागवानी गिटार त्यानं कधी बदलली नाही. ती इतकी ओळखीची झाली की नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीनं तशीच गिटार त्याच्या नावानं बाजारात आणली. आम्ही इथे पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मोबाइलवर मी त्याची मुलाखत बघितली. विचारणारीनं विचारलं, "हा आकार कोणाच्या कल्पनेतला?" रत्नदीप म्हणाला, "मीच काढला."

दोन शब्द. मंडळी, मला किती राग आला, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला ते नऊ तुकडे आठवले. सरांचे खडूनं भरलेले हात आठवले. मी सरांकडे गेले, मोबाइल पुढे धरला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बरोबरच तं हाय." आणि कामाला लागले. मला वाटलं, हा सरांचा मोठेपणा. मोठी माणसं अशीच गप्प बसतात आणि म्हणूनच आपण बोललं पाहिजे, असं मी स्वतःला समजावलं. एका वार्ताहराला बोलावून आकार सरांचाच, एवढं सांगितलं; शेडचा आणि लाकडाचा विषय निघालाच नाही. त्यानं छापलं. मथळ्यात 'चोर' हा शब्द होता. तो माझा नव्हता, पण तो वाचून मला बरं वाटलं होतं. हेही आज सांगून टाकते.

मग काय व्हायचं ते झालं. ज्या पार्टीत तो लहानाचा मोठा झाला, तिच्या मंडळानं जयंतीच्या कार्यक्रमाचं त्याला दिलेलं आमंत्रण परत घेतलं. तो गावाकडे येईनासा झाला. कंपनीनं सरांकडे एक छापील फॉर्म पाठवला: मूळ रचना कोणाची ते लिहा, सही करा. सरांनी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वर्षामागून वर्षं गेली. मी अधूनमधून म्हणायची, "सर, एक सही तर करायची आहे." ते म्हणायचे, "पाहू."

या सगळ्यात एका माणसाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. ती व्यक्ती वडनेरला राहत होती. रत्नदीपची आई, मीराबाई.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी सरांच्या शेडमध्ये बसले होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. चप्पल बाहेर काढून आत आली. वर्कशॉपमध्ये चप्पल काढू नका, खिळे असतात, असं सर म्हणाले तरी तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "मी रत्नदीपची माय. सर, तुमाले एकच गोष्ट इचाराले आली. माह्या पोरानं तुमची चोरी केली का? केली असंन त सांगा. मी त्याले सांगीन, सगळ्याइच्या समोर कबूल कर म्हणून. पण मले खरं माहीत पाह्यजे. गिरणीत दळण घेऊन गेली का बाया बोलतात. मी सात सालापासून जयंतीत गेली नाई. पोराले इचारतो त तो म्हणते, 'माय, मले काई इचारू नको.'"

सरांच्या हातात रंधा होता. तो त्यांनी बाकावर आडवा ठेवला.  मग म्हणाले, "चोरी त्यानं नाई केली, बाई. मी केली. त्याचं खरं बोलणं मी घेतलं."

आणि मग तिथल्या स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी सर इथे हंगामी होते. वर्कशॉपमध्ये खासगी काम करायला सक्त मनाई होती. त्याच वर्षी एका निदेशकाला घरचा पलंग इथे केला म्हणून काढून टाकलं होतं. घरी कोकिळाताई, दोन लहान मुली, आणि कायम होण्याचा कागद वर गेलेला. रत्नदीप मुंबईला निघाला तेव्हा निरोप घ्यायला सरांकडे गेला. सर त्याला म्हणाले होते, "कोणी बी इचारलं त मीच काढली म्हणजो. माह्यं नाव कुठं घेजो नको. माही नोकरी जाईन." आणि त्या मुलानं सरांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता.

सर पुढे कायम झाले. पण त्या मुलाला त्याच्या शब्दातून मोकळं करायचं राहून गेलं. "आधी विसरलो," सर म्हणाले. "मंग पेपरात आलं, तवा आठवलं. पण तोवर लोक मले मोठा म्हणून राह्यले होते. मले बोलाची लाज वाटली. रोज वाटे, उद्या सांगीन."

मीराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग, मी हे कधी विसरणार नाही, सरांनाच म्हणाल्या, "पाणी प्या सर. तुमचा गळा सुकला."

आणि मी? मी तिथेच बसले होते. सात वर्षं ज्या मुलाला मी कृतघ्न म्हणत होते, तो सात वर्षं दिलेला शब्द पाळत होता. माझ्या एका बातमीनं त्याचं गाव तोडलं, त्याच्या आईचं गिरणीत जाणं अवघड केलं, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण त्या वाक्यानं सरांची नोकरी जाईल, या भीतीनं तो गप्प होता. सर कधीच कायम झाले, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

त्याच संध्याकाळी मी रत्नदीपला फोन लावला. इतक्या वर्षांनी. म्हटलं, "रत्नदीप, सरांनी आम्हाला सगळं सांगितलं."  मग त्यानं विचारलं, "मॅडम, सर स्वतः बोलले?" म्हटलं, "हो, स्वतः." तर तो चाळिशीला आलेला, एवढा नावाजलेला माणूस, वर्गातल्या पोरासारखा विचारतो, "मंग आता मी बोलू?"

दुसऱ्या दिवशी सर लेखी कबुलीजबाब घेऊन सचिवांसमोर उभे राहिले: अमुक साली, नियम मोडून, संस्थेच्या लाकडातून मी गिटार केली. धनंजयराव, तुम्ही तेव्हा नुकतेच सचिव झाला होता. तुम्ही नियमाप्रमाणे लेखी ताकीद दिलीत. आणि तिच्या खाली पेनानं लिहिलंत, 'सदर गिटार बघायला मिळेल काय?' तो कागद सरांनी घरी फ्रेम करून लावलाय, हे तुम्हाला माहीत आहे का? कोकिळाताई मान हलवतायत बघा.

मग तो खणातला फॉर्म निघाला. 'मूळ रचनाकार' अशी एक मोकळी ओळ होती. सरांनी मला विचारलं, "मॅडम, इथं काय लिहू?" मी म्हटलं, "काय म्हणजे? तुमचं नाव." त्यांनी खूप विचार केला आणि लिहिलं, 'रत्नदीपचा हात जिथं अडला, तिथलं लाकूड मी काढलं. हात त्याचा होता, म्हणून रचना त्याची.' तिकडे कंपनीनं रत्नदीपलाही तसाच फॉर्म दिला होता, त्यावर त्यानं लिहिलं, 'रचना प्रेमदास ताकसांडे सरांची. मी फक्त बसलो होतो.' कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. बिचारा म्हणाला, "मॅडम, आम्ही भांडण मिटवायला निघालो होतो. इथे तर दोघंही नाव घ्यायला तयार नाहीत." मी म्हटलं, "मग दोघांचंही टाका." टाकलं त्यांनी. कंपनीच्या पुस्तिकेत आता दोन नावं आहेत. लाट मात्र त्यांनी सोडलेली नाही. राहू द्या.

त्यानंतरच्या मुलाखतीत रत्नदीपनं कॅमेऱ्यासमोर बाही वर केली आणि सगळं सांगितलं, हे तुम्ही बघितलंच आहे. आज तो अर्ध्या बाहीच्या शर्टात इथे बसलाय. वर्धा जिल्ह्याच्या उन्हात तोच शर्ट बरा.

सर, तुम्ही उद्यापासून येणार नाही. शेडच्या किल्ल्या तुम्ही सकाळीच जमा केल्यात. मी तुमच्याबद्दल एवढंच म्हणते: चुका सगळ्यांच्या होतात, पण आपल्याला मोठेपणा देणारी चूक स्वतःहून उघड करणारा माणूस मी एकच पाहिला. तुम्हाला आणि कोकिळाताईंना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. घड्याळाकडे न बघितल्याबद्दल अध्यक्षांचे आभार.

आता भाषणाच्या शेवटी, काही उणंअधिक बोलले असेन तर क्षमा असावी, असं म्हणायची पद्धत आहे. आजवर मी पन्नास भाषणांत ते म्हटलंय आणि एकदाही त्याचा अर्थ मनात नव्हता. आज आहे. रत्नदीप, मी तुझी शिक्षिका. तुला विचारायला एक फोन पुरे होता, तो मी केला नाही, वार्ताहराला केला. मला माफ कर.

आणि तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर मीराबाई बसल्या आहेत. मीराबाई, तुम्ही हात हलवून 'जाऊ द्या' म्हणून राह्यल्या, ते मले इथून दिसून राह्यलं. पण असं जाऊ द्यायचं नाई. पेपरात ते माह्यामुळं आलं. तुमच्या पोराले गावात चोर म्हटलं गेलं, ते माह्यामुळं. ते चारचौघांत झालं, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. मले माफ करा.

उठू नका, बसा तुम्ही. मीच खाली येतो.